हळदीचं पाणी आणि माझं लाल तोंड

लेकीला दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांसमोर नळीनं पाणी ओढायचा प्रयोग करून दाखवायचा होता. प्रयोगाची तिला भीती नव्हती, बोलण्याची होती. मागच्या वर्षी ऐन वेळी तिच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता.

"बाबा, मी नाई जात उद्या."

"काहून? सोपं तर आहे. थांब, मी दाखवतो."

दहावीला विज्ञानात काठावर पास झालेल्या माणसात एवढी हिंमत कुठून येते, कोणास ठाऊक!

ओट्यावर बरणीत हळदीचं पाणी, खाली पाटावर रिकामा ग्लास. सलाईनच्या नळीचं एक टोक बरणीत बुडवलं, दुसरं खाली आणून तोंडात धरलं. शेतात ड्रममधलं पाणी आम्ही असंच ओढतो. फक्त आज तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता आणि तो थुंकायचा राहून गेला.

ओढलं. पिवळी रेघ सरसर वर चढली, बरणीचा काठ ओलांडून थेट माझ्या जिभेवर. नळी कशीबशी ग्लासात सोडून मी बेसिनकडे धावलो. थुंकलो तर लालभडक!

"अवो, रगत!" बायको लाटणं हातात घेऊनच आली. मी दातांवरून बोट फिरवून पाहिलं.

लेक बेसिनमध्ये वाकून पाहत होती. "रगत नाई आई. बाबाच्या खर्र्यात चुना राह्यते ना. हळदीले चुना लागला का लाल होते. कुंकू बी तसंच करतेत."

"अन् पाणी वर कसं चढलं मंग?" बायकोचा संशय काही जाईना.

"खाली पडणारं पाणी मागच्याले ओढते, अन् बरणीतल्या पाण्यावर हवा दाबून राह्यते," असं म्हणत ती बोलतच सुटली. कुठे अडखळली नाही. मी लाल ओठांनी ऐकत राहिलो.

मग तिनं पानाच्या डब्यातला चुना खालच्या ग्लासात कालवला. नळीला कोणाचाच हात नव्हता. पिवळी धार आपली आपण काठ चढत होती, उतरत होती आणि ग्लासात पडताच लाल होत होती. रोज वरणात हळद टाकणारी बायको पाटाजवळ खाली बसली. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला, पण उठलं कोणीच नाही.

सकाळी लेकीनं बरणी पिशवीत ठेवली.

"चुना घेतला?" मी विचारलं.

"घेतला. पण तुम्ही नका येऊ, बाबा. तुम्हाले पाह्यलं का मले हसू येते."