व्याहीबुवांच्या दोन माना

आमच्या वाटूरच्या व्याहीबुवांएवढा एकाच वाक्यात जन्मभर अडकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माणूस सहा फूट, आवाज असा की आष्टीच्या बाजारात बैल बुजावा, आणि अडकला कशात, तर जत्रेतल्या जुन्या नाटकाच्या एका ओळीत! सोयरीक ठरली त्या सालची गोष्ट, आम्हाला अगदी पुढं बसवलं होतं. ह्यांना काम किल्लेदाराचं. मरताना म्हणायचं, "मान जावी, पण मान जाऊ नये!" म्हणजे मुंडकं गेलं तरी चालेल, इज्जत राहावी. मास्तरांनी शिकवलं होतं, आधी हात गळ्याला, मग फेट्याला. ह्यांनी ऐन वेळी उलटं केलं. इज्जत जाऊ द्या, गळा वाचवा! लोक हसून हसून लोळले.

तेव्हापासून ह्यांचा जो घोळ झाला तो झालाच. एसटीत मान अवघडली तरी विचारायचे, "विहीणबाई, ही कोणती म्हणायची?" मी म्हणायचे, "दुखते ती गळ्यावरची." तर म्हणत, "दुसरीच जास्ती दुखती हो."

ते मात्र खरं होतं. लेकीच्या लग्नात, म्हणजे आमच्याच पोराच्या, ह्यांनी साऱ्या गावाला फेटे बांधले आणि सख्ख्या धाकट्या भावाला विसरले. भाऊ न जेवता तीर्थपुरीला गेला, तो सहा वर्षं बोलला नाही. मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका पोस्टानं आली. अक्षत द्यायला माणूस नाही. व्याहीबुवा पत्रिका घेऊन माझ्याकडं.

"गेलो तर मान जाती, न्हाई गेलो तर पुतणी. किल्लेदारानं काय केलं असतं?"

"त्याला पुतणी नव्हती," मी म्हणाले. "चला जल्दी."

"मंग तुम्ही चला संगं."

मांडवात भाऊ समोर आला. हातात फेट्याचं कापड. ठेंगणा तो, हात पुरेना. शेवटी म्हणाला, "वाक की जरा, दादा."

व्याहीबुवांनी मान खाली घातली. फेटा बांधून झाला तरी वर करीनात. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "विहीणबाई, गेली का राह्यली?"

मी फेट्याचा शेमला सरळ केला. "फेटा बराबर बसलाय," एवढंच म्हणाले.

आता व्याहीबुवा नाहीत. कुठल्या मांडवात कुणी फेट्यासाठी वाकलं, की मी अजून त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसते.