रस्त्याकडची बाजू

आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला उपासनेनंतर लिलाव होतो. लोक शेतातलं पहिलं पीक आणून पुढे ठेवतात, मग चर्चचे पंच एकेक वस्तू हातात धरून बोली लावायला सांगतात. आलेला पैसा चर्चला जातो. मी सायकलवरून टोमॅटोची खोकी वाहता वाहता मंचरच्या बाजारात स्वतःचा गाळा केलेला माणूस. लिलाव माझ्या रोजच्या कामातला. तरी हा लिलाव मला कधी कळला नाही. इथं घेणारा मालाच्या किमतीपेक्षा जास्त भाव आपणहून चढवतो, आणि तोही हसत हसत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी सणाला गेलो तो खिशात स्टँप पेपर घेऊन. पुणे-नाशिक रस्त्याला लागून वडिलांची थोडी जागा होती, माझ्या आणि थोरल्या भावाच्या नावावर. वडिलांच्या आजारपणाचा खर्च मी केला आणि घरात शब्द मात्र त्याचा चालला, हे माझ्या मनातून जात नव्हतं. मला रस्त्याकडची बाजू हवी होती, गाळे काढायला. पण वाटणीचा विषय काढला की चार वर्षं तो "बघू" म्हणत होता. पहिल्याच "बघू"नंतर मी त्याच्या घरी जाणं सोडलं; बोलणं व्हायचं ते चर्चच्या दारात. शेवटी वाटणीपत्र मीच लिहून घेतलं. त्याची सही तेवढी राहिली होती.

लिलावात एक भोपळा आला. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाणाऱ्या एका म्हातारीनं तो आणला होता. मला तो आवडला, म्हणून भाव पाडायच्या सवयीनं बोललो, "बुडाला डाग आहे. दोन दिवसांत सडेल."

बोली थांबली. बायकांच्या रांगेतून म्हातारी म्हणाली, "डाग हाय भाऊ. म्या बी पाह्यलाय. पर येलाला येकच आला व्हता."

कुणी हसलं नाही. मालाला नावं न ठेवता माल घेतो कोण? तेवढ्यात मागून माझ्या भावानं बोली लावली. त्या पैशात बाजारात पोतंभर भोपळे आले असते. भोपळा घेऊन त्यानं तो म्हातारीच्याच पिशवीत घातला. "मावशी, भाजी करा. बी तेवढं राखून ठेवा." त्याच्या शर्टाची कॉलर झिजली म्हणून उलटून शिवलेली होती.

याला यातून मिळतं काय? रागापेक्षा तो प्रश्नच मला टोचायला लागला. तसाच मागोमाग अवसरीला त्याच्या घरी गेलो आणि कागद पुढ्यात ठेवला. त्यानं चष्मा लावून सावकाश वाचला.

"रस्त्याकडची बाजू तुला पायजे?"

"हो." मी भांडायच्या तयारीत होतो.

"अरे, तूच म्हणायचास ना, तिकडं लई धूळ, ट्रकचा आवाज, रस्ता रुंद झाला तर जागाच जाईल. मला वाटलं, तुला मागची हवी. आन् मागं तर नुसता खडक. पुढची तुझ्या गळ्यात मारावी तर तू एवढी नावं ठेवलेली. धाकट्याला काय द्यावं तेच कळंना, म्हणून थांबलो."

चार वर्षं मी त्या जागेचा भाव पाडत बसलो होतो, आणि समोर भाव करणारा कुणी नव्हताच.

त्यानं सही केली. मला राहवलं नाही. "दादा, ही बाजू सोन्याची आहे. तुझा तोटा होतोय, कळतंय ना?"

"कळतंय की. मी काय येडा नाय."

"मग?"

"मग काय? चार वर्षांनी उंबऱ्याच्या आत आलायस. हात धू, जेवायला बस."

वहिनीनं भाकरी वाढली. जेवताना मी सारखा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कुठं तरी चुटपुट दिसेल म्हणून. तो आमटीत भाकरी कुस्करत होता आणि माझ्या मुलांची चौकशी करत होता.