उमरेड गाडीचा जोकर

"लागलं तं नाही ना गा?"

हा प्रश्न त्याच्या तोंडी दिवसभर असायचा. मी ब्रेक जरा जोरात दाबला आणि कोणी म्हातारा समोरच्या दांड्यावर आदळला, की तो गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी जायचा, त्याचं कपाळ चाचपायचा आणि हे विचारायचा. मग पुढे येऊन मला सुनवायचा, की एसटी चालवून राहिला का बैलाची रेंगी हाकून राहिला. मी नागपूर-उमरेड गाडीचा ड्रायव्हर आणि तो माझा कंडक्टर. आमची जोडी अनेक वर्षं टिकली. बायकोशी बोललो नसेन इतकं मी त्याच्याशी बोललो आहे.

आणि हाच प्रश्न, ह्याच आवाजात, तो माणसाचा गळा आवळून झाल्यावर विचारायचा. सिनेमात. कॅमेरा बंद झाला की मेलेल्या माणसाला हात देऊन उठवायचा, त्याच्या कपड्यांवरची धूळ झटकायचा आणि खिशातून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवायचा. खोटं का होईना, ज्याला मारलं त्याचं तोंड गोड केल्याशिवाय तो पुढचं काम करत नसे. त्याचे वडील आमच्याकडच्या खडी गंमतीत, म्हणजे तमाशात, सोंग घ्यायचे, त्यांची ही रीत.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर थापा मारतो. मारत असेन इतर वेळी. ह्या बाबतीत एक शब्द खोटा निघाला तर माझी मिशी उतरवा.

आधी तो गाडीत कसा होता ते सांगतो. उंच, वाळका, कमी बोलणारा. खांद्यावर कातडी पिशवी, हातात तिकिटाचा चिमटा. उमरेडचा बाजार असला की गाडीत शेळ्यासुद्धा उभ्याने यायच्या. दुसरे कंडक्टर अशा वेळी ओरडून घसा बसवतात. हा दारापाशी उभा राहायचा, मान किंचित एका बाजूला कलती करायचा आणि एकेका चेहऱ्यावरून शांतपणे नजर फिरवायचा. ज्यानं तिकीट काढलेलं नसेल त्याचा हात आपोआप खिशात जायचा. मी आरशातून बघायचो आणि मनात म्हणायचो, बाप रे, हा पोलिसात कसा नाही गेला.

सत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. मुंबईची एक सिनेमा कंपनी उमरेडच्या अलीकडे एका जुन्या बंगल्यात भुताटकीच्या सिनेमाचं शूटिंग करायला आली. त्यांच्या माणसांची ने-आण करायला आमची गाडी ठरली होती. त्या सिनेमात एक खुनी जोकर होता. श्रीमंताच्या घरी पोराच्या वाढदिवसाला जोकर येतो आणि पाहुण्यांना एकेक करून मारतो, अशी कथा. आता हे शहाणे लोक ऐन मे महिन्यात आले. मुंबईहून आणलेल्या जोकराला दुसऱ्याच दिवशी ऊन लागलं आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. डायरेक्टर म्हणजे एक जाडगेला गृहस्थ, डोक्यावर ओला टॉवेल, तो कपाळ बडवत बसला.

मी त्याला म्हणालो, आमचा कंडक्टर सोंग करतो. खरं तर थट्टेत म्हणालो होतो. पण बुडत्याला काय, त्याने लगेच ह्याला बोलावलं.

मेकअपवाला रंगाच्या डब्या घेऊन आला. आमच्या उन्हात तो रंग बोटावरच वितळत होता. ह्याने त्याला नम्रपणे बाजूला केलं, पांढरी पावडर पाण्यात कालवली, आमच्याकडे पाठ करून बसला आणि स्वतःच तोंड रंगवलं. डायरेक्टरने त्याला समजावलं की दारात उभं राहायचं आणि मोठ्याने राक्षसासारखं हसायचं. हा म्हणाला, हसणार नाही. जोकर हसला की लोकही हसतात, मग भितील कोण?

तो बंगल्याच्या दारात येऊन उभा राहिला. पांढरंफटक तोंड, लाल ओठ, टोकदार टोपी. काही केलं नाही त्याने. मान जराशी कलती केली आणि एकेका पाहुण्याच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली. बस्स. सकाळी मी त्याच्यासोबत तर्रीपोहे खाल्ले होते. तरी ती नजर माझ्यावर आली तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. पाहुण्यांचं काम करणारी एक बाई खरोखर रडायला लागली. डायरेक्टर 'कट' म्हणायचं विसरला.

नंतर त्याने विचारलं की डोळ्यांत हे आणलंस कुठून. हा गुळाचा खडा शोधत म्हणाला, "काही नाही साहेब. कोणाचं तिकीट बाकी आहे, तेच पाहून राहिलो होतो."

सिनेमा चालला. मोठ्या टॉकीजांत नाही, पण तालुक्या-तालुक्यांत तंबूत धो धो चालला. मग त्याचा दुसरा भाग, मग तिसरा. हा रजा काढून मुंबईला जायचा, माणसं मारून यायचा आणि सोमवारी ड्यूटीवर हजर. गाडीत लोक त्याच्या देखत जोकराच्या गोष्टी सांगायचे. एक बाई रडणाऱ्या पोराला दटावत होती, गप राह्य नाहीतर जोकर येईल. आणि जोकर तिचं तिकीट फाडत उभा होता. मला इतकं हसू आलं की गाडी कडेला घ्यावी लागली. डेपोत सगळ्यांना माहीत होतं, पण गाडीत त्याने कधी कळू दिलं नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. साऱ्या विदर्भाने त्याला पाहिलं, त्याच्या बायकोने पाहिलं नाही.

कारण प्रत्येक सिनेमाच्या शेवटी जोकर मरायचा. पहिल्यात विहिरीत पडला, दुसऱ्यात जळाला, तिसऱ्यात गोळी लागली. आणि त्यांच्या घरची रीत अशी होती, की कुंकू कपाळाला आहे तोवर बाईने नवऱ्याचं मरण डोळ्यांनी बघायचं नाही, सोंगातलं सुद्धा नाही. त्याच्या आईने वडिलांचं एकही मरणाचं सोंग पाहिलेलं नव्हतं. सासूने हे सुनेला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी एकदा अक्कल पाजळली, की वहिनी, शेवटाआधी उठून या ना. ती म्हणाली, मरण कधी येते ते कोणाले ठाऊक असते, भाऊजी?

पण तिला उत्सुकता भारी. त्यांचं घर नागपुरात सक्करदऱ्यात होतं. एकदा जेवायला गेलो असताना ती मला विचारायला लागली, हे तिथं नेमकं करतात तरी काय. मी पळी हातात घेतली आणि स्वयंपाकघरात जोकर करून दाखवला. ती हसून हसून भिंतीला टेकली. हा दारात उभा राहून बघत होता. त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुही फाट्यावर चहा पिताना तो म्हणाला, "साऱ्या दुनियेनं पाह्यलं बे. पण जिनं पाह्याले पाह्यजे तिनं पाह्यलं नाही, तं मले वाटते का मी केलंच नाही."

चौथ्या सिनेमासाठी बोलावणं आलं तेव्हा त्याने एकच अट घातली: यावेळी मला मारू नका. डायरेक्टरला ती कल्पना फार आवडली म्हणे. जोकर शेवटी जत्रेच्या गर्दीत शिरतो आणि दिसेनासा होतो, म्हणजे तो कुठेही असू शकतो, तुमच्या शेजारीसुद्धा. तसं शूटिंग झालं. हा परत आला तो दिवाळीचा बोनस मिळाल्यासारखा. बायकोला त्याने देवापुढे उभं राहून सांगितलं, की यात मी मरत नाही. तिने तीनदा तरी विचारलं, "नक्की ना जी?"

सिनेमा नागपुरात बर्डीवर लागला. आम्ही चौघं दुपारच्या खेळाला गेलो. ते दोघं, मी आणि माझी बायको. वहिनीने उमरेडचं नवं लुगडं नेसलं होतं. माझी बायको पहिल्या खुनालाच पदरात तोंड खुपसून बसली. वहिनी मात्र ताठ बसून बघत होती. तो पडद्यावर पहिल्यांदा दारात येऊन उभा राहिला तेव्हा सगळी टॉकीज चिडीचूप झाली आणि ती हळूच म्हणाली, "अवं माय, घरी तं ढेकूण मारत नाहीत हे." त्याने मात्र सिनेमा पाहिलाच नाही. तो पूर्ण वेळ तिच्या तोंडाकडे बघत होता.

जत्रा आली. जोकर गर्दीत शिरला. मी पायाने चपला शोधायला लागलो. तर सिनेमा संपेचना. एक इन्स्पेक्टर आला, पाठलाग सुरू झाला, जोकर एका इमारतीच्या गच्चीवर धावला. माझ्या शेजारी हा एकदम उभा राहिला. "हे मी नाही केलं," म्हणाला, "हे मी केलंच नाही." त्याने तिच्या डोळ्यांवर हात ठेवायला हात पुढे केला, पण तोवर गोळी सुटली होती. जोकर गच्चीवरून खाली पडला, पांढऱ्या तोंडावरून रक्त वाहिलं, आणि टॉकीज शिट्ट्यांनी दणाणली. सिनेमावाल्यांनी मागाहून दुसऱ्याच माणसाला रंग फासून हा तुकडा चिकटवला होता. पण रंग तोच, टोपी तीच. खरं सांगतो, मलाही तो हाच वाटला. मी वहिनीकडे बघायला भ्यालो. आयुष्यभर पाळलेली रीत आणि ती अशी मोडली.

मागचे लोक ओरडत होते, अरे बस ना खाली. तो उभाच.

तिने त्याचा सदरा धरून ओढला. "बसा जी," म्हणाली. "ते तुम्ही नाही."

"तुले कसं समजलं?"

"त्याचे दोन्ही खांदे सारखे आहेत."

मी अंधारात त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं पिशवी वागवून त्याचा डावा खांदा चांगला खाली उतरला होता. रोज रात्री त्या खांद्याला तेल चोळणारी ती. मी रोज त्याला आरशात बघत होतो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. आजवर त्या पांढऱ्या तोंडामागे त्याला कोणी ओळखलं नव्हतं आणि हिने पाठमोऱ्या धावणाऱ्या माणसाला सुद्धा तो नाही म्हणून ओळखलं. त्या दिवसापासून मी त्या बाईपुढे जपून बोलायला लागलो.

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. कसं वाटलं हे विचारायचं धाडस तो करत नव्हता. शेवटी तीच म्हणाली, "मले भेव लागलं तुमचं. लगन झाल्यापासून पहिल्यांदा."

"खरंच?" त्याने विचारलं. परत विचारलं. आणि हातात रसाचा गिलास धरून तो भर रस्त्यात ढसाढसा रडला. इतका खूश मी त्याला त्याआधीही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

त्यानंतर मुंबईहून पुन्हा बोलावणं आलं, पण तो गेला नाही. मी त्या डायरेक्टरला माझ्याजवळच्या सगळ्या शिव्या दिल्या. हा म्हणाला, पब्लिकले मरण लागते गा, त्याचा काय दोष. ह्याचं काम झालं होतं. ज्या माणसाने बघायला पाहिजे होतं, त्याने बघितलं होतं.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. एका सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मी उमरेडला होतो. परतलो तेव्हा त्याला घरी आणलेलं होतं आणि वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळ्यांतून पाणी काढलं नाही. बायका म्हणत होत्या की तिला रडवा. ती रडली नाही.

सहा-सात महिन्यांनी ती माझ्याकडे आली, एकटी. पाणी प्यायली, माझ्या बायकोची चौकशी केली आणि मग म्हणाली, "भाऊजी, ह्यांचे ते बाकीचे सिनेमे दाखवता का मले? ज्यात हे मरतात ते."

मी म्हणालो, "काहून वहिनी?"

"आता काय व्हायचं राह्यलं आहे?"

तेव्हा व्हिडिओ भाड्याने मिळायचा. मी टीव्ही आणि मशीन रिक्षात घालून सक्करदऱ्याला नेलं. तीनपैकी एकच सिनेमा मिळाला, पहिला. दुपारची वेळ होती, तिने खिडक्या लावून घेतल्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ पाट घेऊन बसली. सगळा सिनेमा तिने न बोलता पाहिला. शेवटी विहीर आली. जोकर काठावरून निसटतो, दोन्ही हातांनी दगड धरून लटकतो, मान कलती करून वर बघतो आणि मग एकेक बोट सुटत जातं. मी तेव्हा त्या विहिरीपाशी हजर होतो, खाली जाळं बांधायला मीच मदत केली होती. तरी मी नजर खाली घातली.

मी मशीन बंद करायला उठलो. तिने हाताने थांबवलं.

"दवाखान्यात मले बाहेर बसवलं होतं," ती म्हणाली. "आत जाऊच दिलं नाही. दार उघडलं तवा सारं झालं होतं, तोंडावर चादर होती. मी पाह्यलंच नाही, भाऊजी."

मग तिने पाट आणखी पुढे सरकवला आणि म्हणाली, "थोडं मागं घ्या."

मी मागे घेतलं. तो पुन्हा दगडाला लटकला, वर बघितलं, बोटं सुटायला लागली, आणि ती रडायला लागली.