इंटरनेटवरून राजूरला गेलेला ब्लाउज

सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं सगळं मी कात्री आणि खाकी कागदाकडून शिकले. तरी भिंगारच्या एका संस्थेत शिवणाची बाई झाले, आणि महिन्यातून दोनदा राजूरच्या केंद्रावर शिकवायला जायचे. नगर, संगमनेर, अकोले, राजूर, एसट्या बदलत. तिथल्या नऊ मुलींना मी एकच नियम घोटून पाजला होता. कागदावर जे काढलंय त्याला टेप लावायची आणि तेवढंच कापायचं, मनाचं काही करायचं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझे गुडघे त्याच्या आधीच संपले. नेमकी तेव्हा मुलींची सरकारी परीक्षा तोंडावर आली आणि छातीला वाटीसारखी गोलाई देणारा कटोरी ब्लाउज शिकवायचा राहिलेला. तो आला नाही तर नापास. त्यातल्या दोघींना तर घरून एवढ्याच वर्षाची मुभा होती.

संस्थेचे सर म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला जाता? आता तुमचं अक्षर जाईल."

त्यासाठी एक चपटी काळी पाटी आणली होती, वहीएवढी. तिच्यावर खास पेन फिरवायचा, रेघ उमटायची समोरच्या कॉम्प्युटरवर. मग ते चित्र फोनच्या तारेतून राजूरला, आणि तिथल्या प्रिंटरमधून वहीएवढ्याच कागदावर. पाटीला आधी हार घातला. नारळ तिच्यावरच फोडायला निघाले होते, मी अडवलं. सरांनी पाऊण तास भाषण केलं. त्यात शिवणाचं नाव एकदा आलं, 'इत्यादी'च्या जरा आधी.

मग मी बसले. सगळा जन्म नजर हातावर ठेवून काम केलेलं, आता हात खाली आणि नजर वर. गोलाई जमली, ती माझ्या मनगटातच आहे. पण छाती बत्तीस लिहिलं की मुंग्या साखरेला निघाल्यासारखं दिसायचं.

"बाई, आकडे फार गिचमिड दिसतायत. पाहुणे बघायला येणारेत."

"सर, आकडे नसले तर पोरींनी कापायचं काय?"

"चित्रच किती बोलकं आहे."

आणि त्यांनी आकडे पुसले. मी हटून बसायला हवं होतं. पण खरं सांगते, पडद्यावर माझी कटोरी इतकी देखणी दिसत होती की मीही भुलले. सरांनी त्याच दिवशी अहवाल लिहून टाकला, दुर्गम भागात इंटरनेटद्वारे शिक्षण यशस्वी.

आठवड्याने एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती राजूरहून पुडकं आलं. आत नऊ ब्लाउज. एकेक माझ्या तळहातावर मावणारा. टीप सरळ, काजं तांदळाच्या दाण्याएवढी.

मी केंद्रावर फोन लावला. मुलींमधली थोरली बोलायला आली.

"अगं, हे काय शिवलंत?"

"कागदाला टेप लावली ना बाई. तुमीच सांगितलं हुतं, मनाचं काय करायचं न्हाई."

"पण हे घालणार कोण?"

"आमाला वाटलं, तान्ह्या पोरीचं आसंल. मी म्हनले बी, तान्हीला कटोरी कशाला? तर बाकीच्या म्हनल्या, बाईंपरीस तू शानी का?" मग म्हणाली, "काजाला लई तरास झाला बगा."

माझा नियम त्यांनी माझ्यापेक्षा चोख पाळला होता.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना पट्टे बांधले, खाकी कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि एसटीत चढले. दोन दिवस राजूरला राहिले. फरशीवर कागद अंथरून खऱ्या मापाची कटोरी काढली, आकडे ठसठशीत घातले. आणि नियमाला एक शेपूट जोडलं. कापायच्या आधी, हे कुणाच्या अंगात जाणार, ते विचारायचं. समोर बाई असली तरी विचारायचं.

परीक्षेत नऊच्या नऊ पास झाल्या. तांदळाएवढी काजं केलेल्या बोटांना मोठी काजं म्हणजे खेळच.

ते नऊ छोटे ब्लाउज सरांनी काचेच्या कपाटात मांडले. खाली पाटी लावली, 'इंटरनेट प्रशिक्षणातून तयार झालेले नमुने'. पाहुणे आले, चष्मा पुसून बघत राहिले आणि म्हणाले, मॉडेल फारच सुबक आहेत हो. मी मान हलवली. शिवण खरंच सुबक होती.