शेवट सांगायचा नाही

यानातली हवा तिघांपुरती आणि माणसं चार. मंगळावरून परत निघायचं तर एकाला मागे ठेवावंच लागणार होतं. कप्तान वळला, त्याने एकाकडे बोट केलं, प्रकरण संपलं. मी अधाशासारखं पान उलटलं आणि माझ्या पोटात कळ आली.

"आये!" मी ओरडले.

आई चुलीपुढून धावत आली. तिने आधी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि मग सुईणीला हाक मारली. हा क्रम मी तिला पुढे आयुष्यभर ऐकवला.

मुलगी झाली. गोरी, गुबगुबीत, दिवसभर झोपणारी. आणि पुस्तक गेलं ते गेलंच. बाळंतिणीने वाचायचं नाही, वाचलं की डोळे जातात, हे मालवणातली प्रत्येक बाई मला येऊन सांगून गेली. खिडकी बंद, कानात कापसाचे बोळे, डोक्याला घट्ट फडकं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी. आणि महिना कुठला, तर वैशाख! मी नुसती भाजून निघत होते. या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचं आणि एकच घोकायचं, कोण राहिलं? म्हातारा शास्त्रज्ञ, पोरसवदा इंजिनीयर, की ती डॉक्टरीणबाई?

हे वेड आम्हा तिघींचं. मी आणि माझी मैत्रीण मुलींच्या शाळेत शिकवायचो. ती ख्रिस्ती, घर गोव्याच्या वळणाचं, दारापुढे बलकांव, म्हणजे दगडी बाकांची पडवी. तिसरी पोस्टातल्या कारकुनाची बायको, मूळची कोल्हापूरची, तिला आम्ही वहिनी म्हणायचो. गावच्या वाचनालयात बायकांसाठी म्हणून सासवा-सुनांच्या कादंबऱ्या आणि व्रतांची पुस्तकं वेगळी काढून ठेवलेली असत. जळली मेली ती पुस्तकं! आम्हाला चंद्रावर जायचं होतं, समुद्राच्या तळाशी शहर वसवायचं होतं. अजून खरोखरचं कुणी अंतराळात गेलं नव्हतं, म्हणून तर आम्हाला वाटेल तिथे जाता यायचं. मैत्रिणीचा भाऊ मुंबईला नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना तिथल्या लायब्ररीतून असली पुस्तकं घेऊन यायचा आणि जाताना परत न्यायचा. मधल्या दिवसांत तिघींनी वाचून काढायची.

शनिवारी दुपारी बलकांवावर आमची बैठक. आपलं आवडतं पुस्तक तेच सगळ्यांत भारी, हे प्रत्येकीने पटवून द्यायचं. मैत्रिणीला यंत्रं आवडायची. अमक्या पुस्तकातलं यान उडेल आणि तमक्यातलं जागचं हलायचं नाही, हे ती कोळशाने बाकावर आकृती काढून सांगायची. वहिनीला परग्रहांवरची झाडं, फुलं, जनावरं. "अगं, तांबडं आकाश आणि वर दोन दोन चंद्र! कसलं गं दिसत असेल!" म्हणून ती डोळे मिटायची. मला यंत्राशीही देणंघेणं नव्हतं आणि चंद्राशीही नव्हतं. मला माणसं हवी असायची. कोण परत येतं आणि कोण येत नाही, एवढंच. यावरून अशी काही जुंपायची की मैत्रिणीची आई आतून ओरडायची, "चेडवांनो, गाव गोळा करतल्यात काय?"

बैठकीचा नियम एकच, आणि तो मी केलेला. जिने वाचलं नाही तिला शेवट सांगायचा नाही. वहिनीने एकदा त्या समुद्राखालच्या शहराचं काय झालं ते भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, तर मी पावसाळाभर तिच्याशी बोलले नव्हते. मी आहेच तशी. डोकं सटकलं की सटकलं.

आणि आता हे मंगळाचं पुस्तक म्हणजे आमचं शेवटचंच. माझ्या नवऱ्याची नोकरी वैभववाडीकडे, घाटाच्या पायथ्याशी. मूल झालं, आता बायको-पोर आपल्याजवळ हवीत, असं त्याचं म्हणणं. शाळेचा राजीनामा देऊन चतुर्थी झाली की मी कायमची तिकडे जाणार होते. तिकडे वाचनालय नाही, बलकांव नाही, भांडायला माणूस नाही. तिघींनी मिळून वाचलेलं हे शेवटचं पुस्तक, आणि नेमकं मीच ते अर्धवट टाकलेलं. त्यात मैत्रिणीचा भाऊ शेवटच्या बोटीने मुंबईला परतणार होता. मग पावसाळ्यासाठी बोटी बंद. पुस्तक त्याच्याबरोबर जाणार म्हणजे जाणारच.

सोयर फिटल्यावर दोघी बाळ बघायला आल्या. झबली-टोपडी घेऊन आल्या होत्या बिचाऱ्या. मी बाळ दाखवायच्या आधी विचारलं, "कोण रवलो गो?"

मैत्रीण बाळाच्या गालाला बोट लावत म्हणाली, "शेवट सांगूचो नाय. नियम कोणाचो?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. "मी तर बाई तोंड उघडायचीच नाही. मागे पावसाळा गेला, आता उन्हाळा जाईल."

"शिरा पडो तुमच्या तोंडार!" मी म्हणाले.

मैत्रिणीला दया आली. "बरा, सांगतंय. कप्तान वळता आणि..."

"नको! सांगा नको!" मी बोळे घातलेल्या कानांवर हात दाबले. मला ऐकायचं नव्हतं, वाचायचं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी, एकेक ओळ. आणि ते तर जमत नव्हतं. काय करावं तेच सुचेना. त्या गेल्यावर मी उगीच मुलीला उठवलं आणि ती रडायला लागल्यावर तिच्यावरच चिडले.

पुस्तक स्वयंपाकघरातल्या फडताळात कोकमाच्या बरणीमागे होतं, हे मला माहीत होतं. एका दुपारी आई विहिरीवर गेल्याचा अंदाज घेऊन मी भिंत धरत धरत गेले, ते आणलं आणि मुलीच्या दुपट्याखाली सारलं. मुलीने तेवढ्यात दुपटं ओलं केलं. आई बदलायला आली, तर हे बाहेर.

"आये, चारच पानां रवलीहत!"

"डोळे गेले काय मगे चार पानां खंय वाचतलंस? गप पडान रव."

मला रडूच फुटलं.

"रडा नको. दूध आटता."

म्हणजे वाचायचं नाही, आणि वाचायला मिळत नाही म्हणून रडायचंही नाही! असला जाच त्या मंगळावरही नसेल.

बोटीचा दिवस उजाडला. संध्याकाळी बोट, त्याआधी मैत्रीण पुस्तक न्यायला येणार. मी सकाळपासून ना धड जेवले ना धड झोपले. दुपारचं सगळं आवरून आई हात पुसत आली. नाकावर चष्मा, हातात पुस्तक.

"तू वाचूचा नाय. मी वाचतंय, तू आयक. कानातलो बोळो काढ. एकच."

मी घाईघाईने बोळा काढला. आई चौथीपर्यंत शिकलेली. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि तिचं वाचन म्हणजे श्रावणातली पोथी. त्याच चालीवर तिने मंगळ वाचायला घेतला. शब्दाखाली बोट, ओळ संपली की हेल. ऑक्सिजनपाशी अडखळली, दोनदा झटापट केली आणि "कायतरी आसा" म्हणून पुढे गेली.

"आये, भरभर गो!"

"माका खंय मुंबयक जावचा आसा?"

मी दात-ओठ खात ऐकत होते. कप्तानाने बोट केलं होतं इंजिनीयराकडे. पोरगा पांढराफटक पडला. तेव्हा डॉक्टरीणबाई पुढे आली आणि म्हणाली, याला जाऊ दे, मी थांबते. मंगळावरच्या तळावर हवेचं यंत्र चालू होतं. पुढचं यान येईपर्यंत ती थांबणार होती, आणि ते कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दार लागलं. यान उडालं. ती तांबड्या मातीत एकटी उभी राहून वर बघत राहिली, यान चांदणीएवढं झालं, आणि पुस्तक संपलं.

माझ्या अंगावर काटा आला होता. आईने पान उलटून पाहिलं. मागे कोरं.

"सोपला?"

"सोपला."

"तिका खावक काय ठेवल्यानी?"

"काय?"

"ती थंय एकटी रवली. तिका खावक कायतरी ठेवल्यानी असतीत ना? पेजेपुरते तांदूळ तरी?"

"आये, ता म्हत्त्वाचा नाय!"

"मगे काय म्हत्त्वाचा?"

मी चिडले. इतका सुंदर शेवट, आणि हिला पेज सुचते! मी उठून बसले आणि शाळेत फळ्यापुढे बोलावं तसं धैर्य काय, त्याग काय, सगळं तिला ऐकवलं. तिने माझ्या कानात बोळा परत कोंबला. मैत्रीण दारात आली तेव्हा तिच्या हातात पुस्तक देताना आईचं पुन्हा तेच. "गो बाय, तू वाचलंस मा? त्या बायक खावक काय ठेवल्यानी?"

मैत्रीण पुस्तक हातात घेऊन उंबऱ्यावरच उभी राहिली. हवेचं यंत्र कसं चालतं ते तिने बाकावर काढून दाखवलं असतं. पण हे? "लिवक नाय तसा काय," ती हळूच म्हणाली.

"तिघेय हात हलवीत गेले," आई म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

संध्याकाळी बंदरावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. शेवट कळला की चैन पडेल, असं मला वाटलं होतं. कसली चैन! पेज गिळताना ती बाई आठवायची, मुलीला पाजताना आठवायची. मला आईचाच राग यायचा. छान संपलेलं पुस्तक तिने उगीच उघडं करून ठेवलं होतं.

चतुर्थी झाली आणि नवरा न्यायला आला. आईने आदल्या दिवसापासून बांधाबांध चालवली होती. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, कोकमं, सुकट, फणसाची साठं, पापड, लोणच्याची बरणी, वर नारळ. एस.टी.च्या टपावर पिशव्या चढवता चढवता नवरा घामाघूम झाला. कंडक्टर वैतागला, "ओ म्हातारे, आठवड्याचो बाजार उचलून आणलंस काय? थंय दुकानां नाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आये, पुरे आता! एवढा कोण खातला?"

आई खिडकीशी आली. मांडीवरच्या मुलीचं टोपडं तिने नीट केलं. "त्या बायक कोणी कायच दिल्यानी नाय," ती म्हणाली. "तुझी आई अजून जिती आसा."

दूध आटेल म्हणून गिळून ठेवलेलं सगळं रडू तेव्हा बाहेर आलं. बस सुटली. आई स्टँडवर एकटीच उभी होती, वर मान करून, आणि मागे मागे जात होती. आणि सकाळी मुलीच्या घुटीसाठी मी फडताळ उघडलं होतं, ते मला त्या क्षणी आठवलं. कोकमाच्या बरणीची जागा रिकामी होती. लोणच्याची, पिठाची, सगळ्याच जागा रिकाम्या होत्या. नवी बेगमी करायची तर पुढच्या उन्हाळ्यात.

मी खिडकीतून अर्धी बाहेर झाले. नवऱ्याने दंड धरला तरी ओरडले, "आये! तुका खावक काय ठेवलंस गो?"

इंजिनाच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही. तिने फक्त हात हलवला, जा, जा म्हणून.