ज्यांचं कुणी नाही, त्यांचं पान

आमच्या तामसीकडे पितरपंधरवड्यात दुपारी रस्त्यानं जाणं म्हणजे पोटाला शिक्षा. कुणीतरी दारातून हात करतं आणि आपल्याला त्यांच्या मेलेल्या बापाच्या नाहीतर आजोबाच्या नावानं पाटावर बसावं लागतं. याला पितर बसवणं म्हणतात. नाही म्हणायचं नसतं आणि पोट भरल्याशिवाय उठायचंही नसतं. तुम्ही अर्धपोटी उठलात, तर तो मेलेला माणूस वर्षभर उपाशी. माझी अंगकाठी भरलेली, म्हणून मला मागणी फार. एकाच दुपारी मी दोन घरांचा आजोबा झालेलो आहे.

माझा थोरला भाऊ, तोंडवळा अगदी माझ्यासारखा, घरातून भांडून गेला तो थेट कोलकात्याला, तिथल्या चिनी वस्तीत. एका हॉटेलात चिन्यांच्या हाताखाली स्वयंपाक शिकतोय, एवढं एकदा त्यानं मला फोनवर सांगितलं. मग तो नंबर बंद झाला. आई दरवर्षी वडिलांच्या नावानं पितर बसवायची, भावाच्या नाही. जिवंत माणसाचं पान वाढलं तर आपणच त्याला मारल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. यंदा श्रावणात मात्र तिनं मला समोर बसवलं.

"जाऊन पाह्य," ती म्हणाली. "हाये का नाही, तेवढं सांग मले. मंग पानाचं मी ठरवतो."

भाजीचं दुकान मेहुण्यावर सोपवून मी निघालो. ती वस्ती शोधायला काही अवघड गेलं नाही. जुन्या चामड्याच्या कारखान्यांच्या उंच भिंती, त्यांच्यामधून जेमतेम गाडी जाईल एवढ्या गल्ल्या, दारांवर लाल कागद आणि सगळीकडे सॉसचा आंबूस वास. दिवस मावळत होता. लोक दारोदारी पत्र्याच्या डब्यात कागद जाळत होते. भावाचा पत्ता विचारावा म्हणून मी कुणाजवळ गेलो, की ती माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. एका म्हाताऱ्यानं तर माझं तोंड पाहिलं आणि दार लावून घेतलं. परका माणूस बघून करत असतील, अशी मी मनाची समजूत घातली आणि पुढे गेलो.

गल्लीच्या टोकाला एक चिनी म्हातारी दाराबाहेर उभी होती. तिच्यापुढे बाकावर भाताचा वाडगा, त्यात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचलेल्या, शेजारी तळलेला मासा आणि संत्री. समोर रिकामं स्टूल. हात जोडून ती काहीतरी पुटपुटत होती. तिनं मान वर करून मला पाहिलं आणि हिंदीत अगदी हळू म्हणाली, "आ गया? बैठ."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. यांचा पंधरवडा आपल्याआधी येत असेल, एवढंच मनात आलं. मी चपला काढल्या, काड्या बाजूला ठेवल्या आणि हातानं जेवायला लागलो. भात गारढोण होता. म्हातारी पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती. उधर खाने को मिलता है क्या, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि मला उगाच भीती वाटायला लागली.

मग मी डाव्या हातानं मोबाईल काढून भावाचा फोटो तिच्यापुढे धरला. यांना ओळखता का, म्हणून विचारलं. तिनं एकदा फोटोकडे, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं हात लांबवून माझं मनगट धरलं आणि विस्तवाला हात लागावा तसा मागे घेतला.

"तू तो गरम है," ती म्हणाली.

ती मटकन उंबऱ्यावर बसली. हळूहळू सगळं सांगितलं. भाऊ तिच्याच हॉटेलात होता. मागच्या हिवाळ्यात ताप डोक्यात गेला आणि त्यातच तो संपला. घरी कुणी नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणून तिनंच त्याला अग्नी दिला. तिच्या घरची मेलेली माणसं आत देवघरापाशी जेवतात. ज्यांचं कुणी नाही, त्यांचं पान या महिन्यात असं दाराबाहेर मांडतात. हातातला घास वाडग्यात टाकून मी उठलो.

परतीच्या गाडीत मी एवढंच ठरवलं, की "कुणी नाही" हे आईला सांगायचं नाही. घरी आल्यावर बाकी सगळं सांगितलं. आपल्याबद्दल तो त्या बाईजवळ काही बोलला होता का, असं तिनं विचारलं. गावाकडे आई आहे असं सांगायचा, असं मी ठोकून दिलं.

"खोटं नोको बोलू. जाताना माह्या तोंडावर म्हणून गेला तो, तुमी सारे मेले मले."

मग तिनं त्या जेवणाचं पुन्हा विचारलं. भात किती होता, मासा होता का, मी पोटभर जेवलो का. नाही, कळलं तसा उठलो, मी म्हणालो.

इतका वेळ कोरडी राहिलेली माझी आई तेव्हा रडायला लागली. "उठला काऊन तू?" ती म्हणाली. "माह्या लेकराले भरल्या ताटावरून उठवलं तूनं."