हवेचा पंप आन् वहीतल्या तीन खुना

हे आजवर कुनाला सांगितलेलं न्हाई. लेकीला न्हाई, पाठच्या बहिनीला न्हाई. विहारात आमी पंचशील म्हनतो, तवा खोटं न बोलन्याचं शील आलं की माझे नुसते व्हट हालत्यात, आवाज निघत न्हाई. बाया म्हनत्यात, म्हातारीला धाप लागली. लागू द्या. तुमी माझे कोन? कुनीच न्हाई — म्हनून तर तुमाला सांगायला जमतंय.

मी दुसरी शिकलेली. आकडे वळखते, जोडाक्षराला अडते. मालक वारले तवा लेक कडेवर हुती. मंग देवळालीच्या उसात खुरपनी केली, लागन केली, पाचट वढलं — वीस वर्सं. उसाचं पान हाताला कसं कापतं ते ज्यानं केलं त्यालाच ठावं. पुढं नव्वद सालानंतर कवातरी कारखान्याच्या मागं सावलीतलं काम घावलं. बाटल्या धुवायचं. रोजंदारीवर, पर डोक्यावर पत्रा हुता.

जुन्या क्वार्टरच्या दोन खोल्यांत ती प्रयोगशाळा. तिथं पुन्याची एक पोरगी आल्ती, वैशालीताई. साखर काढून जी काळी चिकाट मळी उरती ना, तिच्यापास्नं कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं एक सत्व ती बनवनार हुती. म्हंजी ती न्हाई — तिचे जंतू. डोळ्याला न दिसनारे, पुन्याहून बर्फात घालून आनलेले. त्यांच्या बीजातच फेरफार केल्ता म्हने, का बाबांनो, सवताचं पोट भरायच्या आधी आमचं सत्व बनवा.

मी म्हनलं, "म्हंजी सुनेवानीच की वो ताई. आदी घरच्यांचं, उरलं तर आपलं."

ताई इतकी हसली, चष्मा काढून पुसावा लागला.

भाईरच्या खोलीत काचेची मोठी बरनी हुती, धा लिटरची. तिच्यात मळीचं पानी, त्यात जंतू, आन् खालनं पंपाची हवा — सारखे बुडबुडे. आतल्या खोलीत काँप्युटर. तिथं चपला भाईर काढूनच जायचं, देवळात जावं तसं. मी फरशी पुसायला जायची आन् बगत उभी ऱ्हायची. पडद्यावर नुसत्या रेघा. रेघंला रेघ फुटलेली, परत्येकीवर आकडा. एकदा इचारलंच — ह्ये काय हाय?

ती म्हनली, हे जंतूच्या पोटातले रस्ते. साखर आत गेली की कुठल्या रस्त्यानं किती जाती, त्याचं गनित.

आता सांगा, मुंगीच्या हजारपट बारीक जीव, त्याच्या पोटातलं या डब्याला कसं कळावं? मला त्या रात्री झोप न्हाई. दुसऱ्या दिवशी ताईला म्हनलं, मला वाटतं ह्ये पाटाच्या पान्यावानी आसंल. पाटानं जेवढं पानी आलं तेवढं कुठल्या ना कुठल्या सऱ्यांत गेलंच पायजे. एका सरीचं दार बुजवलं की दुसऱ्या सरीला पानी चढनार. कमी भरलं तर मंग कुठंतरी फुटलं.

ताई माझ्याकडं बगतच ऱ्हायली. म्हनली, "मावशी, मला हे शिकायला पाच वर्षं लागली हो."

तवापास्नं ती मला जवळ बसवून दावायची. हे दार बंद केलं तर काय व्हईल, ते उघडलं तर काय. आदी मशीन सांगायची, मंग बरनीत करून बगायचं. दोन डाव दोन्ही जुळलं. मला कुनी आयुष्यात असं काई समजावून सांगितलं न्हवतं. तुमाला खरं सांगते, मला त्या पडद्याचं येड लागलं. चाळिशीच्या पुढच्या बाईला!

तिसरा डाव शेवटचा. पाच दिवस बरनी चालवायची, पाचव्या दिवशी मोठे साहेब आन् पुन्याची मानसं येनार. मशीननं सांगितलेला आकडा आन् बरनीतला आकडा जुळला तर काम पुढं चालनार, न्हाई तर बंद. ताईचं समदं त्याच्यावर हुतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती राहुरीला कायतरी औषध आनायला गेली. जाताना मला म्हनली, मावशी, बरनीपाशी बसा. दर अर्ध्या तासानं वहीत खून करा, का पंप चालू हाय. लाईट गेली तर आली की पंपाचं बटन दाबा, तो आपलाआप चालू व्हत न्हाई. आन् मला सांगा. बास, एवढंच काम.

एवढंच.

मी आत गेले. का गेले? कुनी बोलावलं न्हवतं. ताई मशीनला गनित लावून गेल्ती, पडद्यावरचे आकडे हालत हुते. म्हनलं जरा बगावं. चपला काढल्या आन् खुर्चीवर बसले — पहिल्यांदाच, तिच्या खुर्चीवर. सत्वाच्या रेघंवरचा आकडा हळूहळू चढत हुता. पाटात पानी चढतं तसा. मदीच खालचा डबा टी-टी करायला लागला. मला वाटलं, मशीन इचार करतीय. मी लई कौतुकानं ऐकत हुते! तो बॅटरीचा डबा हुता, लाईट गेली म्हनून वरडत हुता. मशीनला बॅटरी हुती. पंपाला न्हवती.

भाईर आले तवा लाईट आल्ती, भिंतीवरचा दिवा लागल्ता. पर बरनी गप. एक बुडबुडा न्हाई. जंतूंचा गाळ तळाला बसलेला. घड्याळ बगितलं — मला आत जाऊन दीड तास झाल्ता. बटन दाबलं, बुडबुडे सुरू झाले. बरनीतली हवा भाईर पडती त्या नळीपाशी नाक नेलं तर वास आंबूस, इसरलेल्या ताकासारखा.

मंग मी वही घेतली आन् राहिलेल्या तीन खुना केल्या. लागोपाठ. एकाच पेनानं, एकाच दमात. हात हालला न्हाई.

ताई सांजच्याला आली. दुसऱ्या दिवशी तिनं तपासलं तर सत्व कमी आन् आंबट लई. तिचं त्वांड उतरलं. मला म्हनली, "मावशी, काल लाईट गेली होती का?"

"न्हाई, ताई."

"नक्की?"

"मी हितंच बसल्ते की!"

वर आवाज चढवला मी. शेजारच्या क्वार्टरमदी कुनालाबी इचारलं असतं तरी तिला कळलं असतं. तिनं न्हाई इचारलं.

दिसभर ती जेवली न्हाई धड. पडद्यापुढं बसून, साखर कुठं गेली, कुठं फुटलं, हेच धुंडत हुती. मी चहा ठेवायची, तो तसाच गार. आन् मंग — हे सांगायलाच मी बसलेय, बाकी समदं उगं बोलले — त्याच चवथ्या दिवशी सांजच्याला तिनं मशीनला इचारलं, हवा दीड-दोन तास बंद ऱ्हायली असती तर? मशीननं आकडे दिले. बरनीतल्याच आकड्यांवानी. सत्वाचा आकडा जुळला, आंबटाचाबी जुळला. मी मागंच उभी हुते, धुतलेली बाटली हातात घिऊन. मला आकडे वळखता येत्यात.

ती बराच येळ बगत ऱ्हायली. वाटलं, आता मागं वळनार. वळली. माझ्याकडं बगून हसली — दमलेलं हसू — आन् म्हनली, "योगायोग बघा मावशी. हवा बंद असती तर सगळं बरोबर आलं असतं. पण तुम्ही तर तिथंच होतात."

आन् कागदावरच्या त्या आकड्यांवर तिनं आडवी रेघ मारली.

तवा बोलता आलं असतं. काम जाऊन परत खुरपं हातात यील ही भीती वाटली का? वाटली. पर तेवढ्यानं जीभ बंद व्हत न्हाई. दुसऱ्या दिवशी साहेब आले तवाबी बोलता आलं असतं. मी चहाचा ट्रे घिऊन त्यांच्यातच फिरत हुते. साहेब म्हनले, पोटातलं गनित मशीनवर मांडायचं म्हंजी पंचांगच की! मानसं हासली. ताई म्हनली, चूक माझ्या गनिताची हाय, मला एखादा रस्ता दिसलेला न्हाई. मी तिच्या हातात कप दिला. ती म्हनली, थँक्यू मावशी.

काम बंद झालं. बरनी मीच धुतली. जायच्या आधी ताई साहेबांना सांगून गेली का ह्या मावशीला कायम करा, लई भरवशाची बाई हाय. आन् मला कायम केलं. त्या पगारात लेकीचं लगीन झालं, हे घर झालं.

गनित बरोबर हुतं. हे तिला माहीत न्हाई.